नदीचा अपाक कोण?

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. शेताच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं नाव लागलं आणि नावापुढे तलाठ्यांनी लिहिलं, 'अ.पा.क. आई'. अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, अठरा वर्षं पूर्ण न झालेला. जमीन माझी, पण माझ्या वतीने बोलणार आई. मोजणीला हजर ती, सोसायटीत सही तिची, बांध कोरला तर तक्रार तीच करणार, पण माझ्या नावाने. आणि उद्या तिच्या मनात जमीन विकायचं आलं असतं, तर आईलासुद्धा आधी कोर्टाची परवानगी काढावी लागली असती. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात तसं लिहिलंय.

नदीला 'कायदेशीर व्यक्ती' म्हणतात म्हणजे काय, हे कुणी विचारलं की मी हा सातबारा आठवायला सांगतो. नदी श्वास घेते का, तिला मन आहे का, असल्या प्रश्नांशी कायद्याला देणंघेणं नाही. कंपनीला कुठे मन असतं? तरी कंपनीच्या नावे जमीन असते, खातं असतं, दावा असतो. बोलू न शकणाऱ्याच्या नावाने कुणीतरी बोलायचं, आणि बोलताना स्वतःचा नाही तर त्याचा फायदा पाहायचा, एवढीच ही व्यवस्था आहे. नदीला व्यक्ती ठरवणं ही एका ओळीची घोषणा असते. तिचा अपाक कोण, त्याला पैसे कोण देणार आणि तो कुणाच्या हाताखालचा आहे, यावर सगळं ठरतं. गेल्या काही वर्षांत जगात जे घडलं त्यातून मला तरी हेच दिसलं.

कोर्टात दार ठोठावणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतात: तुमचा काय संबंध? याला वकील 'लोकस स्टँडाय' म्हणतात. आपण दाद मागण्याचा अधिकार म्हणू. शेजाऱ्याची भिंत पडली तर दावा शेजाऱ्याने करायचा, मी नाही. माणसांच्या भांडणात हे ठीक आहे. पण नदीचं नुकसान झालं तर 'शेजारी' कोण?

१९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हाच पेच आला. कॅलिफोर्नियातल्या मिनरल किंग नावाच्या डोंगरखोऱ्यात डिस्ने कंपनीला बर्फावरच्या खेळांचं मोठं केंद्र उभारायचं होतं. सिएरा क्लब ही निसर्गप्रेमींची जुनी संस्था विरोधात गेली. न्यायालयाने विचारलं, यात तुमच्या सभासदांचं नेमकं काय बिघडतं? संस्थेने तसं काही मांडलंच नव्हतं, म्हणून ती हरली. पण न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी वेगळं मत लिहिलं. जहाज आणि कंपनी कायद्याने व्यक्ती ठरू शकतात, तर ज्या खोऱ्याची नासधूस होणार आहे त्याच्याच नावाने दावा का नको? त्याच वर्षी ख्रिस्तोफर स्टोन या कायद्याच्या प्राध्यापकाने एका लेखात ही कल्पना नीट बांधून मांडली होती आणि डग्लस यांनी तिचा आधार घेतला.

एखाद्याला कायद्याने खरोखर हक्क आहेत हे ओळखायच्या स्टोनने तीन कसोट्या सांगितल्या. त्याच्या नावाने दावा लागतो का? न्यायालय नुकसान मोजताना त्याचं नुकसान मोजतं का? आणि मिळालेली भरपाई त्याच्या कामी येते का?

या तीन कसोट्या नदीकाठी नेऊन बघू. समजा, वरच्या अंगाच्या कारखान्याने रात्री प्रक्रिया न केलेलं पाणी सोडलं. खाली मासे मेले, एका शेतकऱ्याचा ऊस करपला. नेहमीच्या कायद्याने शेतकरी दावा करील, पण आपल्या उसाचा. न्यायालय उसाचा हिशेब करील. कारखाना उसाचे पैसे देईल, शेतकरी ते घेईल, दोघांचं मिटेल. त्यात शेतकऱ्याचं काहीच चुकलं नाही. पण मेलेले मासे, पाण्यातला संपलेला प्राणवायू, तळाशी बसलेला गाळ यांचा हिशेब कुणीच मागितलेला नसतो, कारण ते कुणाच्याच मालकीचे नव्हते. नदी स्वतः दावेदार असेल तर हाच हिशेब आधी होतो, तिचा अपाक परस्पर तडजोड करू शकत नाही आणि पैसे जातात ते नदी पूर्ववत करायला. माझ्या मते या कल्पनेचा गाभा दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीत आहे. लोक मात्र पहिलीवरच अडकतात.

भारतात पहिल्या कसोटीचं दार बरंचसं उघडलेलंच आहे. १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यापासून जनहित याचिकेची वाट रुंद झाली. १९८८ मध्ये एम. सी. मेहता हे वकील कानपूरच्या गंगाप्रदूषणाबद्दल सर्वोच्च न्यायालयात उभे होते. न्यायालयाने मान्य केलं की हे गृहस्थ काही नदीकाठचे जमीनमालक नाहीत, पण गंगेचं पाणी वापरणाऱ्यांच्या जिवाची त्यांना काळजी आहे, आणि तेवढा संबंध पुरे. १९९६ मध्ये कमलनाथ खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की नद्या, जंगलं, किनारे ही सरकारची खासगी मालमत्ता नसून सरकार त्यांचं विश्वस्त आहे. कुलू-मनाली भागात एका मोटेलने बियास नदीचा प्रवाह आपल्या सोयीसाठी वळवला होता. न्यायालयाने तिथली जागा पूर्ववत करायचा खर्च मोटेलवर टाकला. नदीला व्यक्ती न म्हणताच तिसरी कसोटी तिथे बऱ्याच अंशी पार पडली. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित लवाद आला. त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात बसतं. भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करणं, हे दोन्ही आदेश लवाद देऊ शकतो.

मग हवंय काय? हवा आहे तो कायम हजर असणारा माणूस. जनहित याचिका करणारा कार्यकर्ता स्वतःच्या खिशातून खर्च करतो, तारखांना जातो, दमतो, म्हातारा होतो. लवादाकडे वादाचा अर्ज वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. लवाद फार तर आणखी साठ दिवस देतो. पण नदी मरते ती हळूहळू, आणि सहा महिन्यांत जागं व्हायला रोज पाहणारं कुणीतरी असावं लागतं. आज ते पाहणं कुणाच्या तरी तळमळीवर सोडलेलं आहे.

इथे २० मार्च २०१७ हा दिवस महत्त्वाचा आहे. एकाच तारखेला जगाच्या दोन टोकांना नद्या 'व्यक्ती' झाल्या. एकीकडे न्यूझीलंडच्या वांगानुई नदीच्या कायद्याला अंतिम मंजुरी मिळाली. दुसरीकडे नैनितालला उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना, त्यांच्या उपनद्या आणि ओढ्यांसकट, जिवंत कायदेशीर व्यक्ती असल्याचा निकाल दिला. पुढे जे झालं त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी आपल्याकडचं. उच्च न्यायालयासमोरचं मूळ प्रकरण डेहराडूनजवळच्या शक्ती कालव्यालगतच्या जागेवरचं अतिक्रमण आणि उत्तर प्रदेश-उत्तराखंड यांच्यातली मालमत्तेची वाटणी, असं होतं. त्यातून न्यायालय नद्यांच्या हक्कांपर्यंत आलं. निकालात भावना खरी होती, याबद्दल मला शंका नाही. गंगा-यमुनेचे पालक म्हणून तिघे नेमले: केंद्राच्या 'नमामि गंगे' योजनेचे संचालक, उत्तराखंडचे मुख्य सचिव आणि उत्तराखंडचे महाधिवक्ता.

आता हा शेरा सातबाऱ्यावर लिहून बघा. समजा, बांध कोरणारा चुलताच आहे, आणि अपाक म्हणूनही त्याच्याच कारभाऱ्याला नेमलंय. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या नगरपालिका, धरणं आणि उपशाच्या परवानग्या हे सगळं सरकारच्याच अखत्यारीतलं. नदीला राज्य सरकारविरुद्ध जावं लागलं, तर तिच्या बाजूने कोण उभं राहणार? महाधिवक्ता? ते तर सरकारचेच वकील. या तिघांसाठी वेगळा निधी नव्हता, वेगळं कार्यालय नव्हतं.

राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. गंगा आमच्या राज्यात संपत नाही, पुढे उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आहेत, त्यांच्या हद्दीतल्या नदीला आमचे मुख्य सचिव कसे जबाबदार? आणि पुरात माणसं गेली तर भरपाईचा दावा नदीवर, म्हणजे मुख्य सचिवांवर लावायचा का? ७ जुलै २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. साडेतीन महिन्यांचं व्यक्तित्व.

वांगानुईची गोष्ट वेगळ्या मातीतली आहे. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर टोंगारिरो पर्वताच्या अंगाखांद्यावरून निघून सुमारे २९० किलोमीटर वाहणारी ही नदी. काठच्या माओरी या मूळ रहिवाशांची एक जुनी म्हण आहे, 'को औ ते आवा, को ते आवा को औ'. मी नदी आहे आणि नदी म्हणजे मी. ही म्हण पर्यटनाच्या फलकासाठी कुणी रचलेली नाही. या लोकांनी १८७० च्या दशकापासून संसदेकडे अर्ज केले. १९३८ पासून नदीच्या पात्राच्या मालकीसाठी कोर्टात लढले, तो लढा १९६२ पर्यंत चालला आणि ते हरले. १९९९ मध्ये माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैतांगी लवादाने त्यांची बाजू मान्य केली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं वाटाघाटी झाल्या. २०१७ चा कायदा हा त्या दीड शतकाच्या तंट्याचा समझोता आहे, कुणाला एका सकाळी सुचलेली कल्पना नव्हे.

कायद्याने नदीला नाव दिलं 'ते आवा तुपुआ'. डोंगरापासून समुद्रापर्यंत, तिच्या दृश्य आणि अदृश्य अंगांसह, एकच अखंड जिवंत नदी. लहान-मोठे प्रवाह एकमेकांत मिळून एक नदी होते, हे तत्त्व कायद्याच्या मजकुरातच आहे. मग अपाक. 'ते पोउ तुपुआ' नावाचं पद निर्माण केलं, नदीचा मानवी चेहरा. त्यावर दोघं जण असतात: एक नदीशी नातं असलेल्या माओरी समूहांनी सुचवलेला, एक सरकारने. पहिल्या दोघांत माजी मंत्री तारियाना तुरिया आणि तुरामा हाविरा होते. नियुक्ती सरकारच्या बाजूने झाली तरी काम करायचं ते नदीच्या वतीने, सरकारच्या नव्हे, असं कायदा बजावतो. या पदासाठी दरवर्षी खर्चाची तरतूद आहे. नदीच्या आरोग्यासाठी तीन कोटी न्यूझीलंड डॉलरचा वेगळा निधी आहे. पात्राचा जो भाग सरकारी मालकीचा होता तो आता नदीच्याच नावावर आहे. म्हणजे अक्षरशः तिचा सातबारा तिच्या नावे झाला.

आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. नियोजन, परवाने, संरक्षित क्षेत्रं अशा विषयांच्या ठराविक कायद्यांखाली निर्णय घेताना अधिकाऱ्यांना नदीचं हे स्थान विचारात घ्यावंच लागतं. म्हणजे नदीला नेहमी कोर्टात जायची गरज उरत नाही. परवाना टेबलावर असतानाच तिचं म्हणणं ऐकायचं असतं.

तिथेही सगळं मिळालेलं नाही, हे सांगायलाच हवं. पाण्याची मालकी या कायद्याने कुणालाच दिली नाही, नदीलाही नाही. आधीचे परवाने आणि खासगी हक्क कायम राहिले. टोंगारिरो जलविद्युत योजनेसाठी वरच्या अंगाला पाणी वळवलं जातं, ते लगेच थांबलं नाही. पण भांडायला जागा, माणूस आणि पैसा मिळाला.

आपल्याकडे यावर हमखास येणारं उत्तर असं: आम्ही तर नदीला आधीपासून आई मानतो, देवी मानतो, आणि देव कायद्याने व्यक्ती असतोच. यातला दुसरा भाग खरा आहे. देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं. ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये देवमूर्तीला कायदेशीर व्यक्ती मानून तिच्या हिताकडे पाहिलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की मंदिराच्या जमिनीचा मालक देवच, पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा, मालकीच्या रकान्यात त्याचं नाव नको. उत्तराखंड उच्च न्यायालयाने याच धाग्याचा आधार घेतला होता.

पण मूर्तीला व्यक्तित्व मिळतं ते कुणीतरी श्रद्धेने दान दिलेलं असतं म्हणून. त्या दानाचा हेतू सांभाळायला कायदा एक धनी उभा करतो. गंगा कुणी कुणाला दान दिलेली नाही. २०१९ च्या अयोध्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रामलल्ला विराजमान यांना कायदेशीर व्यक्ती मानलं, पण जन्मभूमीच्या जमिनीला स्वतंत्र व्यक्ती मानायला नकार दिला. जमीनच व्यक्ती ठरली तर तिच्यावर इतर कुणाचा हक्कच सांगता येणार नाही, ही त्यामागची काळजी. नदीबाबत तर ती काळजी कितीतरी मोठी. तिच्यावर कोळी, शेतकरी, पाणी भरणारी गावं, सगळ्यांचे हक्क आहेत. म्हणून मला वाटतं, देवीच्या वाटेने नदीचा हक्क मागू नये. भक्ती आपली आपल्यापाशी असावी. कायदा हवा तो विधिमंडळाने लिहिलेला, ज्यात पूररेषेपासून निधीपर्यंत सगळं मोजूनमापून असेल.

पूररेषेवरून आठवलं. नदी व्यक्ती असेल तर तिचं अंग कुठवर? पाण्याच्या काठापर्यंत? महाराष्ट्रात निळी पूररेषा असते, साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीने पाहिलं की नदी आपली हद्द विसरत नाही. 'नदीने आमचं नुकसान केलं' म्हणून तिच्यावर दावा लावायची भीती उत्तराखंडने बोलून दाखवली, पण व्यक्ती सगळ्या एकसारख्या नसतात. अज्ञान मुलाच्या जबाबदाऱ्या जशा कायद्याने मर्यादित असतात, तशा नदीच्याही मर्यादित करता येतात. फक्त ते लिहून ठेवावं लागतं, आणि २०१७ च्या निकालात ते लिहिलेलं नव्हतं.

राज्यांच्या हद्दींचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. आंतरराज्य नदी-पाणी तंट्यांच्या १९५६ च्या कायद्यात पक्षकार असतात राज्यं. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने कृष्णेचं २०६० टीएमसी पाणी वाटलं: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८००. बेरीज करून बघा, बरोबर २०६० येते. या बेरजेत कृष्णेच्या नावाचा रकाना नाही. तिच्या नावाने तिथे कुणी वकील उभा असता, तर निदान 'उन्हाळ्यात माझ्या पात्रात किती पाणी राहणार' हा प्रश्न पहिल्याच दिवशी नोंदला गेला असता. हा प्रश्न नुसता कवीमनाचा नाही, याचं उत्तर आकड्यांत देता येतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी असे आकडे अधिसूचित केले: नोव्हेंबर ते मार्च त्या महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल, मे मध्ये २५ आणि पावसाळ्यात ३० टक्के पाणी पात्रात सोडायचंच. ते पुरेसं आहे का यावर वाद आहे. पण नदीचा हक्क कागदावर उतरला की असा दिसतो.

बाकी देशांकडे धावती नजर टाकायची तर २०१६ मध्ये कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने सोन्याच्या खाणींनी आणि पाऱ्याने नासलेल्या आत्रातो नदीला हक्क दिले आणि पालकत्वात सरकारबरोबर काठच्या लोकांनाही बसवलं. बांगलादेशात २०१९ मध्ये ढाक्याजवळच्या तुराग नदीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्याच नद्यांना व्यक्ती मानून राष्ट्रीय नदी संरक्षण आयोगाला पालक केलं. स्पेनने २०२२ मध्ये मार मेनोर या खाऱ्या सरोवरासाठी कायदा केला, त्यासाठी सहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या दिल्या होत्या. तिथे कुणीही नागरिक सरोवराच्या वतीने दावा करू शकतो. उलट अमेरिकेत टोलेडो शहराच्या मतदारांनी २०१९ मध्ये इरी सरोवराला हक्क दिले, पण शब्दरचना इतकी मोघम होती की वर्षभरात फेडरल न्यायालयाने ते रद्द केलं. सरोवराला 'बहरण्याचा हक्क' म्हणजे नेमका कुणाला काय मज्जाव, हे शेतकऱ्याला त्यातून कळत नव्हतं.

महाराष्ट्रासाठी हे सगळं दूरचं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यातले ५५ महाराष्ट्रातले, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा आहे, मंडळ आहे, लवाद आहे, जनहित याचिका आहेत, आणि तरीही ही अवस्था.

मी कोल्हापूरच्या पंचगंगेचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवतो, कारण ती लहान आहे आणि पूर्णपणे आपल्याच राज्यातली आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोक जिला गुप्त सरस्वती म्हणतात ती, अशा पाच प्रवाहांची ही नदी नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. उगमापासून संगमापर्यंत तिच्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायला नको, दुसऱ्या राज्याशी भांडण नको. विधिमंडळाने ठरवलं तर तिच्यासाठी एक पद निर्माण करता येईल. दोन माणसं असावीत: एक काठच्या गावांनी निवडलेला, दुसरा सरकारने नेमलेला पण ठरलेल्या मुदतीआधी काढता न येणारा. त्यांना पाणी तपासायला स्वतःची प्रयोगशाळा किंवा तिचा खर्च. नदीच्या नावाचं बँक खातं, दंडाची रक्कम थेट त्यात. आणि काठच्या प्रत्येक कारखान्याच्या, पालिकेच्या संमतीपत्राचं नूतनीकरण व्हायच्या आधी त्यांना नोटीस.

मी अठरा पूर्ण केल्यावर तलाठी कार्यालयात अर्ज दिला आणि फेरफार होऊन माझ्या नावापुढचा अपाकचा शेरा निघाला. आईने इतकी वर्षं जपून ठेवलेल्या पावत्यांची पिशवी त्या दिवशी माझ्या हातात दिली: शेतसारा, पाणीपट्टी, मोजणीची फी. नदी कधीच सज्ञान होणार नाही, त्यामुळे तिच्या पावत्या जपणारं ते पद एका माणसाच्या हयातीपुरतं असून चालणार नाही. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी होते तेव्हा ती प्रदूषण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात, समोर गावकरी आणि कंपनीचे लोक. हजेरीपटावर नाव आणि सही असे रकाने असतात. 'पंचगंगा, अ.पा.क.' असं लिहून पुढे सही करणारं कुणीतरी त्या पटावर मला पाहायचं आहे.